हेडलाइटच्या आत पाणी: सुकवायचं, सील करायचं की दिवाच बदलायचा?

अबोली · ६ जुलै, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. वाहनांच्या विभागात पहिल्यांदाच धागा काढते आहे.

गाडी सहा वर्षांची हॅचबॅक, साधे हॅलोजन दिवे. मी साखळीला राहते आणि म्हापशाला हॉस्पिटलात नोकरी करते. महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी असते, म्हणजे डिचोली, अस्नोडा, थिवी हा रस्ता काळोखातच कापायचा. पावसात तो रस्ता कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. गुरं डांबरावर येऊन बसतात, कारण तेवढीच जागा कोरडी आणि उबदार असते. काळी म्हैस पन्नास फुटांवर आल्याशिवाय दिसत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून डाव्या दिव्याच्या काचेला आतून घाम येतो. आधी सकाळी दिसायचा आणि दुपारपर्यंत जायचा. आता जातच नाही. उजेड पसरट आणि पिवळट पडतो, रस्त्याची डावी कड दिसत नाही. परवा अस्नोड्याच्या अलीकडे एक वासरू अगदी शेवटच्या क्षणी दिसलं. तेव्हापासून धास्ती बसली आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवलं. त्यांनी दिवा उघडूनसुद्धा पाहिला नाही. "पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल" म्हणाले आणि साडेसहा हजारांचा अंदाज हातात दिला. शेजारचे काका सांगतात, चार बाजूंनी सिलिकॉन मारून टाक. भाऊ म्हणतो, खाली भोक पाड, पाणी आपोआप जाईल. कोणाचं ऐकू? कोणी स्वतः हे निस्तरलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

माडाची सावली · ६ जुलै, ३:४२

सिलिका जेलच्या पुड्या! चपलांच्या खोक्यात असतात त्या. बल्ब काढायचा, चार पुड्या आत सारायच्या, दोन दिवसांत काच लख्ख. मी दर पावसाळ्यात करतो.

रानवाट · ६ जुलै, ४:०५

ताई, आधी एक सांगा. आत नुसतं धुकं आहे की तळाला पाणी साठलंय? वळणावर गाडी घातली की पाणी इकडून तिकडे हलताना दिसतं का? दोन्ही दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी.

दिवाडीकर · ६ जुलै, ४:३०

सिलिकॉन मारू नका. हात जोडून सांगतो.

गेल्या वर्षी माझ्या गाडीला असंच झालं होतं. एका मेस्त्रीने काचेच्या कडेने जाड थर दिला आणि मागे दिसलेली दोन "भोकं" पण बुजवली. आठवडाभर मला वाटलं, झालं काम. मग दिव्याच्या आत स्नानगृहासारखी वाफ कोंडली ती दसऱ्यापर्यंत. ती दोन भोकं म्हणजे दिव्याची नाकपुडी होती हे नंतर कळलं. वर त्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास यायचा. पंधरा दिवसांत रिफ्लेक्टरवर राखाडी डाग उमटले आणि ते काही गेले नाहीत. शेवटी दिवा बदलावाच लागला.

खाजन · ६ जुलै, ६:१५

दिवाडीकरांच्या वासाचा खुलासा आधी करतो. स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. रिफ्लेक्टर म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा. बंद जागेत ती वाफ त्याला खाते. सील करायची वेळ आलीच तर 'न्यूट्रल क्युअर' (सुकताना ॲसिड न सोडणारं) लिहिलेलं सिलिकॉन मागायचं, आणि तेही बाहेरून.

आता मूळ मुद्दा. आजचा हेडलाइट हवाबंद नसतो. पूर्वीच्या सील्ड बीम दिव्यात काच, रिफ्लेक्टर आणि तार सगळं एकात एक बंद असायचं. आताच्या दिव्याला पुढे पॉलिकार्बोनेटची, म्हणजे टणक पारदर्शक प्लास्टिकची काच, मागे प्लास्टिकचं घर आणि त्या घराला ब्रीदर असतात. ब्रीदर म्हणजे कधी वाकडी रबरी नळी, कधी पांढऱ्या पडद्याची बारीक चकती. पडद्यातून हवा आणि बाष्प जातं, पाण्याचा थेंब जात नाही. दिवा पेटला की आतली हवा फुगून बाहेर पडते, विझला की बाहेरची हवा आत ओढली जाते. आपल्याकडे जुलैत ती बाहेरची हवाच चिंब असते. त्यात गरम दिव्यावर एकदम सर आली की काच थंड पडते आणि आतल्या बाजूला दव धरतं. म्हणजे थोडं धुकं हा बिघाड नाही. दिवा पेटवून वीस-तीस मिनिटं गाडी चालवली की ते गेलं पाहिजे, एवढीच अट.

बिघाड कुठे सुरू होतो ते एका हिशोबाने कळतं. ३० अंश तापमानाच्या हवेत घनमीटरला जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं, २४ अंशांना २२ ग्रॅमच्या आसपास. दिव्यात १० लिटर हवा धरा. ती ३० वरून २४ वर आली तर पाणी सुटेल ०.०८ ग्रॅम. जेमतेम दोन थेंब! तळाला चमचाभर पाणी असेल तर ते एवढ्याने साठणार नाही. ते पाणी म्हणूनच कुठून तरी आत शिरलंय. ती वाट शोधायची, बाकी सगळं नंतर.

माडाची सावली · ६ जुलै, ६:४०

हिशोब आवडला, पण रोज दोन थेंब साठत गेले तर महिन्यात चमचा भरेलच की.

खाजन · ६ जुलै, ७:०२

ब्रीदर मोकळे असतील तर भरणार नाही. दिवा तापला की त्या दोन थेंबांची परत वाफ होते आणि ती बाहेर पडते. ब्रीदर तुंबले असतील तर मात्र तुमचं बरोबर: आत आलेलं आतच राहतं.

पुड्यांबद्दल: दमट हवेत सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा पाणी धरतं. ५ ग्रॅमच्या पुडीत दीड ग्रॅम. दिवा रोज श्वास घेतोय, पुडी चार दिवसांत भरते. शिवाय ती सरकून पेटत्या हॅलोजन बल्बला टेकली तर कागद करपेल. दिवा बाहेर काढून सुकवताना पुड्या जरूर वापरा. आत ठेवून गाडी चालवू नका.

चोर्लाकर · ६ जुलै, ७:३०

भोकाचा अनुभव माझ्याकडे आहे. ३ मिलिमीटरची दोन भोकं, दिव्याच्या तळाला. पाणी गेलं हे खरं, पण त्याच वाटेने पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेला तांबडा चिखल आत आला. खनिजाच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला ती धूळ माहीत आहे, बारीक पिठासारखी असते. ती ओल्या रिफ्लेक्टरवर बसली आणि वाळली. पुसायला गेलो तर मुलामाच निघून आला, आतून काळं प्लास्टिक दिसू लागलं. भावाला सांगा, ड्रिल परत पेटीत ठेव.

अबोली · ६ जुलै, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. आत्ता बॅटरी घेऊन पाहिलं. तळाला पाणी आहे, पोह्याचा एक चमचा तरी असेल. बंपर हाताने हलवला की डुचमळतं. माझी भाची बघून म्हणाली, "आते, यात एक गप्पी मासा सोडूया?" घरात सगळे हसले, मलाही हसू आलं.

आठवलं ते एक: एप्रिलमध्ये दोन्ही बल्ब बदलून घेतले होते, रस्त्यालगतच्या एका दुकानात, पाच मिनिटांत. त्याचा काही संबंध असेल?

फोंड्याचा वायरमन · ६ जुलै, ९:२०

अबोलीबाय, तोच संबंध असणार. मी अठरा वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो आहे. पावसाळ्यात पाण्याचे दिवे घेऊन येणाऱ्या गाड्यांना माझा पहिला प्रश्न हाच असतो: बल्ब कधी बदलला?

बल्बच्या मागे काळी रबरी टोपी असते, आम्ही तिला बूट म्हणतो. आधी कपलर (बल्बला तारा जोडणारा प्लग) ओढून काढायचा, मग बूट, मग स्प्रिंगची क्लिप, मग बल्ब. बसवताना उलटा क्रम. घाईत होतं काय, तर बुटाची आतली ओठासारखी कड एका जागी दुमडून आत जाते. बाहेरून बघाल तर बूट बसलेला दिसतो. बोट फिरवलं तरच कळतं. पाणी बॉनेटच्या फटीतून खाली येतं, नेमकं त्या दुमडीवरून ओघळतं आणि आत जातं.

बॉनेट उघडा, गाडी थंड असू द्या. बुटाच्या पूर्ण गोलावरून तर्जनी फिरवा, घड्याळाच्या काट्यासारखी. कड सगळीकडे सारखी लागली पाहिजे. बऱ्याच बुटांवर 'टॉप' असं लिहिलेलं असतं, ते वर आहे का बघा. रबर कडक होऊन तडकलं असेल तर नवीन घ्या, बुटाची किंमत दिव्याच्या मानाने काहीच नाही.

बूट ठीक निघाला तर काचेच्या कडेची फट शोधायची. दिवा बाहेर काढून कडेला साबणाचं पाणी लावा आणि ब्रीदरच्या नळीतून तोंडाने हलकेच फुंका. फुगे आले तिथे फट. कॉम्प्रेसर लावू नका, त्या दाबाने चांगला जोडही उकलतो.

सांजाव · ६ जुलै, १०:०५

माझा प्रश्न जरा वेगळा. गाडी सात महिन्यांची, कंपनीचेच एलईडी दिवे. पाणी साठत नाही, पण सकाळी काचेच्या कोपऱ्यात धुकं असतं आणि तासभर गाडी चालवली तरी हटत नाही. "नॉर्मल आहे" असं सांगून परत पाठवतात. मला फसवत आहेत का?

खाजन · ६ जुलै, १०:३०

बहुधा नाही. ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो आणि ती उष्णता उजेडाबरोबर पुढे काचेवर पडते. एलईडीची उष्णता मागच्या हीट सिंककडे (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाकडे) जाते, काच थंडच राहते. त्यामुळे धुकं रेंगाळतं. कोपऱ्यातलं धुकं, तेही दोन्ही दिव्यांत सारखं, असेल तर चिंता नको. एकाच दिव्यात असेल, थेंब होऊन ओघळत असेल किंवा तळाला रेघ दिसत असेल तर तारखेसह फोटो काढा आणि वॉरंटीत दिवा बदलून मागा. तक्रार लेखी द्या, तोंडी नको.

फोंड्याचा वायरमन · ६ जुलै, १०:४१

आणि एलईडीवरून आठवलं. हॅलोजनच्या घरात बाजारातले पंखेवाले एलईडी बल्ब घालणाऱ्यांना विनंती आहे. त्या बल्बचं बूड मोठं असतं, बूट बसत नाही म्हणून कापतात किंवा काढूनच ठेवतात. महिन्याला दोन-तीन गाड्या याच कारणाने येतात. आत पाणी, कपलरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर, मग होल्डर वितळतो. आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो ते वेगळंच.

चोर्लाकर · ६ जुलै, ११:१५

थोडं अवांतर, पण राहवत नाही. घाटात धुकं उतरलं की तो पांढराशुभ्र उजेड भिंतीसारखा समोर उभा राहतो. लोक मग अप्पर मारतात आणि आणखी आंधळे होतात. धुक्यात डिपरच ठेवा, उजेड खाली रस्त्यावर पडू द्या. गेल्या श्रावणात मी सुर्ल गावाच्या वर वीसच्या वेगाने जात होतो, मागचा हॉर्न मारून पुढे गेला, आणि दोन वळणांनंतर गटारात चाक घालून उभा होता. माणसं सुखरूप होती. आम्ही चौघांनी मिळून गाडी उचलून रस्त्यावर घेतली.

रानवाट · ७ जुलै, सकाळी ७:४०

काचेत धुकं म्हणजे घाटच गाडीत घेऊन फिरणं. घाटाचं धुकं तरी उतारावर संपतं.

नुस्त्याचं कालवण · ७ जुलै, ८:२०

मी टूथपेस्टने घासले, मस्त चमकले!

खाजन · ७ जुलै, ८:५५

तो काचेच्या बाहेरचा पिवळेपणा. उन्हाने पॉलिकार्बोनेटवरचा संरक्षक थर जातो आणि काच मोतीबिंदू झाल्यासारखी दिसते. टूथपेस्टने काही आठवडे बरं वाटतं. टिकाऊ करायचं तर १००० पासून ३००० नंबरपर्यंतच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने टप्प्याटप्प्याने घासून वर यूव्ही क्लिअर कोट, म्हणजे उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर द्यावा लागतो. अबोलीताईंचं दुखणं आतलं आहे, त्यावर बाहेरून कितीही घासून उपयोग नाही. ओल्या बोटाने काच पुसून पाहिली की आत-बाहेर लगेच कळतं.

माडाची सावली · ७ जुलै, ९:३०

पुड्यांबाबत माझं मत थोडं बदललं. आज बल्ब काढून पाहिला तर एका पुडीची कड खरंच तपकिरी झाली होती. दोन्ही बाजूंच्या काढून टाकल्या. खाजन, धन्यवाद.

पण मग जुलैत दिवा सुकवायचा कसा? ऊन तर नाहीच.

दिवाडीकर · ७ जुलै, ९:५०

हेअर ड्रायर, मंद आचेवर, एक वीत लांबून. बल्बच्या भोकातून आत. हीट गन नको, काचेचा जोड ज्या डिंकाने बसवलेला असतो तो मऊ पडतो.

फोंड्याचा वायरमन · ७ जुलै, १०:१०

ड्रायर चालेल, पण त्याने आपलीच दमट हवा गरम होऊन आत जाते. माझी पद्धत सांगतो. दिवा सोडवून घरी न्या. आधी तिरपा करून पाणी ओता. मग एसी असलेल्या खोलीत रात्रभर ठेवा, बल्बचं तोंड उघडं, बूट काढलेला, ब्रीदर मोकळे. एसी हवेतलं पाणी बाहेर टाकतो, खोलीची हवा कोरडी असते. सकाळपर्यंत दिवा खडखडीत होतो. आत फडका घालू नका, चोर्लाकरांनी लिहिलंय ते विसरू नका. हॅलोजन बल्बच्या काचेलाही बोट लावायचं नाही. बोटाचं तेल राहिलं की तिथे बल्ब जास्त तापतो आणि लवकर जातो.

अबोली · ९ जुलै, रात्री ९:१५

मंडळी, दिवा काढला. भावानेच बंपरच्या क्लिपा सोडवल्या, दोन तुटल्या, पण त्या बाजारात मिळतात.

वायरमनदादांनी सांगितल्याप्रमाणे तर्जनी फिरवली. बारापासून चारपर्यंत कड सारखी लागली आणि पाचच्या जागी बोट एकदम आत गेलं. अर्ध्या नखाएवढी कड दुमडून आतल्या बाजूला चिकटून बसली होती. तीन महिने तशीच दबून राहिल्यामुळे रबराला घडी पडलीय, सरळ केली तरी परत वाकते. नवीन बूट मागवला.

आणखी एक सापडलं. दिव्याच्या मागे खालच्या बाजूला वाकडी नळी आहे, करंगळीएवढी जाड. तिचं तोंड मातीने गच्च! मला वाटलं चिखल उडाला असेल. भावाने टाचणीने कोरलं तर माती गोल-गोल थरांनी निघाली आणि आत वाळलेल्या अळ्या. कुंभारीण माशीचं घर होतं! मे महिन्यात गाडी पंधरा दिवस आंब्याखाली उभी होती, तेव्हाच बांधलं असावं. म्हणजे वरून पाणी शिरत होतं आणि खालून वाफेला वाट नव्हती.

पाणी ओतलं तेव्हा तांबूस होतं. दिवा आता आईच्या खोलीत एसीखाली स्टुलावर बसलाय. आई म्हणते, एवढी बडदास्त पाहुण्यांचीही होत नाही.

खाजन · ९ जुलै, ९:४०

कुंभारीण! हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या दोन्ही गाड्यांच्या नळ्या उद्याच बघतो. नळीच्या तोंडात मूळचा स्पंजचा तुकडा असेल तर तो जपून धुऊन परत बसवा, त्यानेच माशा आणि धूळ अडते.

रानवाट · ९ जुलै, १०:०५

आत पाणी वाळल्यावर डाग राहिले असतील तर? नळाच्या पाण्याने धुवावं का?

फोंड्याचा वायरमन · ९ जुलै, १०:२०

नळाचं नको, क्षार राहतात. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर थोडं आत घालून हलकेच फिरवायचं आणि ओतून टाकायचं. घासायचं नाही. त्याने जे जाईल ते जाईल. उरलेले डाग उजेडाला फारसे आड येत नाहीत, रिफ्लेक्टर शाबूत आहे तोवर दिवा कामाचा.

आणि गाडी धुताना प्रेशरचा पाइप दिव्याच्या सांध्यावर आणि बॉनेटच्या फटीत धरू देऊ नका. चवथीच्या आधी सगळे गाड्या धुवायला नेतात, आणि चवथ झाली की माझ्याकडे दिव्यांची रांग लागते.

अबोली · १६ जुलै, सकाळी ८:३०

चार रात्रपाळ्या झाल्या. बूट नवीन, नळी मोकळी. परवा रात्री थिवीच्या पुढे असा पाऊस लागला की वायपर पुरत नव्हते. अस्नोड्याला थांबून मुद्दाम उतरून पाहिलं. काचेच्या वरच्या कोपऱ्यात हातभर नव्हे, बोटभर धुकं. डिचोलीला पोचेपर्यंत तेही गेलं. तळ कोरडा. रस्त्याची डावी कड, कडेचं गवत, गवतात बसलेली गाय, सगळं पुन्हा दिसायला लागलं आहे.

खर्च: बूट, दोन क्लिपा आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली मिळून चारशेच्या आत. नवीन दिव्याचा बेत रद्द.

फोंड्याचा वायरमन · १६ जुलै, ९:०५

बरं वाटलं. पण बाय, एप्रिलमध्ये दोन्ही बल्ब बदलले होते ना? बदलणारा हात तोच. उजव्याचा बूट पाहिलात का?

अबोली · १६ जुलै, ९:५०

आत्ता पाहून आले. कड नीट आहे, पण 'टॉप' खाली होता. काढून सरळ बसवला.